पोच द्या, भाऊसाहेब

उजव्या हाताचं मधलं बोट कागदाच्या कोपऱ्यावर दोनदा टकटक वाजायचं आणि पाठोपाठ आवाज यायचा, "पोच द्या, भाऊसाहेब."

पोच म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. कधी ना कधी तुम्हीही कुठल्या तरी सरकारी खिडकीसमोर उभे राहिला असालच. अर्ज आत द्यायचा, त्याची दुसरी प्रत, म्हणजे स्थळप्रत, आपल्याकडं ठेवायची आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. ती पोच. खिडकीच्या आत बसून, कपाळावर चष्मा चढवून टेबलावर चष्मा शोधणारा कारकून तो मी. आवक-जावक टेबल, अठरा वर्षं. गाव भोकरदन. कचेरी कुठली ते सांगत नाही. गावात कचेऱ्या पुष्कळ आहेत आणि आमचे साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत.

बोट टायपिंगबाईंचं. कचेरीच्या भिंतीला टेकून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. लोखंडी टेबल, मराठी टाइपरायटर, पक्षकारासाठी एक बाकडं. तालुक्यातल्या निम्म्या लोकांची गाऱ्हाणी त्या बाकड्यावरून उठून माझ्या खिडकीत यायची. त्या यंत्राचा 'र' ओळीच्या जरासा वर उडायचा. कागद हातात घेतला की मी खालची सही न बघता सांगायचो, हा बाईंकडचा.

पोच त्या कशाचीही मागायच्या. लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या, तेव्हा सोबत यादी होती. माझ्या नावापुढं सही घेतली. मी म्हटलं, "बाई, लग्नाच्या पत्रिकेची पण पोच?" तर म्हणाल्या, "उद्या म्हनसाल, पत्रिकाच न्हाई आली." दुपारी कधी खिडकीतून चहा आत सरकवायच्या. मी रिकामा कप उलटा करून दाखवायचो. ती त्याची पोच.

अर्ज लिहायची त्यांची एक रीत होती. पक्षकार बाकड्यावर बसला की आधी त्याला सगळं बोलू द्यायचं. तो भावाला, जावेला, शेजाऱ्याला, ग्रामपंचायतीला मनसोक्त धुऊन काढायचा. बाई शांतपणे कागदात कार्बन घालत बसायच्या. त्याचं संपलं की म्हणायच्या, "झालं? आता शिव्या काढून सांगा." शिव्या काढल्यावर अर्ध्या पानापेक्षा जास्त मजकूर क्वचितच उरायचा.

आणि तो टाईप झाल्यावरसुद्धा सगळेच अर्ज माझ्या खिडकीत येत नसत. बाई माणसाच्या तोंडाकडं बघून विचारायच्या, "आजच द्यायचा, का ठेवायचा?" निळ्या कापडाचं एक गाठोडं टेबलाखाली असायचं. त्यात ठेवीचे अर्ज. टाईप केलेले, घडी घातलेले, पण कुठंच न दिलेले. "आठ दिवसांनी या," त्या सांगायच्या. "तवाबी द्यावा वाटला तर बिलकुल देऊ. अर्ज लिव्हला की निम्मा राग उतरतो. उरलेल्या निम्म्यात काय दम हाय ते आठ दिवसांनी कळतं." पुष्कळ जण आठ दिवसांनी येतच नसत. गाठोडं फुगत जायचं. आणि त्या गाठोड्यातला कागद जगबुडी आली तरी बाहेर जायचा नाही. भोकरदनमध्ये गुपित राहण्याची हमी असलेली तेवढी एकच जागा होती.

मला कसं माहीत? त्यात माझाही एक अर्ज होता. साहेबांनी एकदा माझी मंजूर रजा ऐन वेळी रद्द केली. मी तणतणत शेडमध्ये गेलो आणि साहेबांविरुद्ध वरच्या साहेबांकडं दीड पानाची तक्रार सांगितली. शिव्या काढल्यावर अकरा ओळी झाल्या. बाईंनी विचारलं, "आज, का ठेव?" मी छाती काढून म्हटलं, "तूर्त ठेवा." आठव्या दिवशी साहेबांचा मुलगा पास झाला आणि त्यांनी आख्ख्या कचेरीला जिलबी दिली. मी दोनदा घेतली. तेव्हापासून मी कधी साहेबांबद्दल तोंड सोडलं की बाई हळूच म्हणायच्या, "काढू का भाऊसाहेब गाठोडं?"

मग दिवस बदलले. अर्ज ऑनलाइन झाले, नाहीतर कॉम्प्युटरच्या प्रिंटमध्ये लागायला लागले. रस्त्याच्या पलीकडं काचेचं दार असलेलं सेंटर उघडलं. पंखा, खुर्च्या, पाण्याचा जार. बाईंच्या बाकड्यावरचे लोक एकेक करून रस्ता ओलांडायला लागले. एका बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत बाईंकडं दोनच माणसं आली, आणि त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

त्या दिवशी त्या खिडकीवर आल्या. हातात कागद नव्हता.

"भाऊसाहेब, लॅपटॉप घेऊन राह्यले. कोन्ता घ्यावा?"

त्यांनी मला का विचारलं, हे समजून घ्या. त्याच्या दोन वर्षं आधी कचेरीतला प्रिंटर बंद पडला होता. मी त्याची पिन काढून परत लावली. प्रिंटर सुरू झाला. तेव्हापासून कचेरीत मला 'कॉम्प्युटरवाले' म्हणतात आणि मी ते कधी नाकारलं नाही.

बाईंकडं एकोणीस-वीस हजार साठवलेले होते. ते घरावरचे पत्रे बदलायला. पावसाळ्यात त्यांच्या चुलीशेजारी दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागत. म्हणजे हिशेब सरळ होता. पत्रे घातले तर घर कोरडं, पण शेड बंद. लॅपटॉप घेतला आणि तो कामाचा निघाला तर शेड चालू राहणार. नाही निघाला तर दोन्हीही गेलं. एवढ्या मोठ्या गोष्टीचा सल्ला त्या मला विचारत होत्या, आणि मी मात्र खुशीत खिडकीतून बाहेर येऊन चप्पल शोधत होतो.

मेन रोडवर शेठजींचं दुकान आहे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले ते कापड घेऊन. शेठजी आता टीव्ही आणि मोबाइल विकतात. त्यांनी एक पातळ, करड्या रंगाचा लॅपटॉप काऊंटरवर ठेवला.

"एकदम हलका पीस आहे बाई. बॅटरी दिवसभर. लाइट जाऊ द्या, काम चालू. मोठ्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीत."

"निम्म्या का?" बाईंनी लगेच विचारलं.

शेठजी माझ्याकडं बघायला लागले. मी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, याच्यात आत साठवायची जागा अगदी थोडी असते. सगळं काम क्लाऊडवर. तुम्ही टाईप केलं की ते आपोआप इंटरनेटवर साठतं."

"म्हंजी कागद कुठं राह्यतो?"

"क्लाऊडमध्ये."

"ते कुठंशिक आलं?"

आता हे मलाही माहीत नव्हतं. मी छताच्या दिशेनं हात केला. शेठजींनीही वर बघितलं. तिथं त्यांचा पंखा होता.

"म्हंजी थळप्रत माझ्याजवळ न्हाई."

"तुमच्याजवळच. पण दुसरीकडं," मी म्हटलं. "उलट हेच सगळ्यात सुरक्षित. कार्बन नको, गाठोडं नको, उंदीर नको. मशीन जळालं तरी अर्ज जागेवर."

बाईंनी लॅपटॉप उलटा केला. खालून बघितला, वाजवून बघितला. मग शेठजींना म्हणाल्या, "आठ दिवस चालवून बघते. पटलं तर पैसे, न्हाई तर वापस."

"बाई, पेटी फोडली की माल वापस नसतो."

"पोच देते की," बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून कागद काढून तिथंच लिहून दिलं. लॅपटॉप एक, चार्जर एक, ओरखडा नाही, आठ दिवसांच्या बोलीवर. शेठजींनी तो कागद दोनदा वाचला. "तीस वर्षं धंद्यात आहे," ते मला म्हणाले, "गिऱ्हाइकानं मला पावती दिली असं पहिल्यांदाच घडलं." आणि त्यांनी पेटी फोडली.

आता माझी कर्तबगारी ऐका. शेडमध्ये लॅपटॉप सुरू केला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं वायफाय जोडलं. लॅपटॉपनं खातं मागितलं. मेल, पासवर्ड, मोबाइल नंबर. बाईंकडं बटणांचा साधा मोबाइल होता, त्यावरही मेसेज आला असता आणि दहा मिनिटांत त्यांच्या नावाचं खातं निघालं असतं. पण जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी म्हटलं, कोण एवढं करत बसतो. माझंच खातं टाकलं. वर कोपऱ्यात छोट्या गोलात माझा फोटो आला. भाच्याच्या लग्नातला. डोक्याला फेटा, डोळ्यांना काळा गॉगल.

"ह्ये तुम्ही इथं काय करून राह्यले?" बाईंनी विचारलं.

"ते तसंच असतं," मी म्हटलं.

बाईंचे पाच दिवस शिकण्यात गेले. टाइपरायटरची बोटं त्यांची, आणि इथली अक्षरं सगळी वेगळ्या जागी. त्यांनी कागदाच्या बारीक चिठ्ठ्या कापून डिंकानं बटणांवर चिकटवल्या. पहिल्या दिवशी अर्ध्या पानाला दोन तास. दुसऱ्या दिवशी पाऊण. पाचव्या दिवशी त्या चिठ्ठ्यांकडं न बघता टाईप करत होत्या. झेरॉक्सवाला आपल्या दुकानातूनच त्यांचा अर्ज छापायचा. दोनदा लाइट गेली आणि पलीकडच्या काचेच्या सेंटरमधली माणसं उठून बाईंच्या बाकड्यावर येऊन बसली. मी खिडकीतून बघत होतो आणि माझी छाती दर दिवशी अर्धा इंच फुगत होती.

पाचव्याच दिवशी जवळच्या एका खेड्यातली एक बाई आली. चाळिशीची. ती आपल्या वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागत होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली, भावानं विषयच काढला नाही. पण भाऊबीज आठ-दहा दिवसांवर होती. "आधी ओवाळून येते," ती म्हणाली. "तोंडानं मागून बघते. न्हाईच ऐकलं तर मंग हा अर्ज. तोवर कुनाला कळू देऊ नका बाई. अर्ज केला म्हून कळलं तर तो दारात उभं करायचा न्हाई."

"ठेवीचा हाय," बाई म्हणाल्या आणि सवयीनं टाइपरायटरकडं वळल्या.

त्या वेळी मी तिथं होतो. नको तिथं असायची मला सवयच आहे. म्हटलं, "बाई, परत कार्बन? आठ दिवस कशासाठी घेतलेत? इथं टाईप करा. गाठोड्यापेक्षा सुरक्षित."

बाईंनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग लॅपटॉप पुढं ओढला.

आमच्या घरी चार मोबाइल आहेत आणि चारही मोबाइलवर एकच खातं आहे. माझंच. पासवर्ड एकच लक्षात ठेवायचा म्हणून मी मोठ्या हुशारीनं तसं केलं होतं. त्या संध्याकाळी आमच्या हिनं भिशीची यादी काढायला आपला मोबाइल उघडला. यादीच्या वरच नवा कागद. 'वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळणेबाबत.' हिनं वाचला. नाव ओळखीचं निघालं. तो भाऊ हिच्या माहेरच्या गल्लीतला. हिनं सद्भावनेनं त्याच्या बायकोला फोन केला, "वहिनी, दादाला सांगा, भाऊबीजेच्या आधी बहिणीला समजवा, उगाच कोर्टकचेरी नको." वहिनीला खरं वाटेना, म्हणून हिनं त्या कागदाचा स्क्रीनशॉटही पाठवला.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास भाऊ शेडसमोर येऊन उभा राहिला. मी खिडकीत होतो. दहा पावलांवर.

"कुठं हाय ती टायपिंगवाली? माझ्या बहिनीला तुम्हीच शिकवलं ना?"

"बसा," बाई म्हणाल्या.

"बसायला न्हाई आलो! हा अर्ज माझ्या बायकोच्या मोबाइलवर कसा आला, ते सांगा. गावभर झालं! तिची भाऊबीज आता बंद. सांगा तिला."

त्यानं मोबाइल बाईंच्या समोर धरला. बाईंनी तो हातात घेतला, उन्हाकडं पाठ करून नीट बघितला. पुष्कळ वेळ बघितला. मग एकदा, एकदाच, खिडकीकडं नजर टाकली. मी खिडकीच्या कडेला सरकलो. कारण स्क्रीनशॉटमध्ये कागदाबरोबर वरचा कोपराही येतो, हे मला त्याच क्षणी आठवलं. फेटा आणि गॉगल.

बाईंनी मोबाइल परत दिला. "कागद माझ्याकडून गेला," त्या म्हणाल्या. "चूक माझी हाय. तिची न्हाई. तिनं अर्ज दिल्ला न्हाई, नुस्ता ठेवला व्हता. ओवाळायला येनार व्हती आधी."

"आता कशाला येती!"

"येऊ द्या. मला काय बोलायचं ते बोला."

तो बोलला. पाच मिनिटं बोलला. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं जमली. तीस वर्षं ज्या बाईकडं लोकांनी आपली भांडणं ठेवायला दिली, तिला तो भर रस्त्यात म्हणत होता की तुमच्या हातात कागद देणं म्हणजे दवंडी पिटणं. शिव्याही होत्या. बाईंनी त्याला "शिव्या काढून सांगा" म्हटलं नाही.

आणि मी? मी आवक रजिस्टर उघडलं आणि त्यात आदल्या दिवशीच्या नोंदी परत एकदा गिरवल्या.

घरी गेल्यावर सगळा उलगडा झाला. हिनंच अभिमानानं सांगितलं, "अहो, मी एक भांडण मिटवलं." मी हिच्यावर ओरडलो. ही रडली. मग लक्षात आलं, हिनं फक्त आपल्या मोबाइलवर आलेला कागद वाचला होता. तो तिथं आणून ठेवणारा मी.

रात्रभर मी बाईंना सांगायचं वाक्य जुळवलं. सकाळी शेडमध्ये गेलो. लॅपटॉपवरून माझं खातं काढलं. बाई समोर उभ्या. वाक्य तोंडापर्यंत आलं आणि बाहेर पडलं ते असं:

"बाई, क्लाऊडमध्ये प्रॉब्लेम झाला होता."

"क्लाऊडमधी?"

"हो. कधीकधी होतं तसं."

बाईंनी टाइपरायटर पुढं ओढला. "बरं," म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "घरी बरे हायत ना सगळे?"

"बरे आहेत," मी म्हटलं, आणि साहेबांनी बोलावल्याचं आठवून निघून आलो. साहेब त्या दिवशी जालन्याला गेले होते.

आठव्या दिवशी आम्ही शेठजींच्या दुकानात गेलो. मला वाटलं, आता लॅपटॉप परत. शेठजींनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी रिकामी पेटी काढून ठेवली होती.

बाईंनी लॅपटॉप काऊंटरवर ठेवला. "शेठजी, एक सांगा. ह्याच्यात माझ्याच नावाचं खातं निघतं का? माझ्याच नंबरवर?"

"निघतं ना बाई. निघतं काय, तसंच असायला पाहिजे. आतापर्यंत कुणाच्या खात्यावर चालवलं?"

मी भिंतीवरचे टीव्ही मोजायला लागलो.

"ते जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "काढून द्या."

शेठजींनी दहा मिनिटांत काढून दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा बाईंनी आम्हा दोघांना रस्त्याकडं तोंड करून उभं केलं.

मग म्हणाल्या, "घेते. पर किंमत जास्त हाय."

"बाई, ठरलेली किंमत!"

"तवा मला सगळं काम सांगितल्तं. हे निम्मंच काम करनार. जो अर्ज आजच्या आज खिडकीत जायचा, तो ह्याच्यावर. तो तर कचेरीत पन्नास लोक वाचत्यात. ठेवीचा अर्ज ह्याच्यावर न्हाई. तो माझ्या जुन्या मशीनवर. निम्म्या कामाचे निम्मे पैसे घ्या."

शेठजी हसले, मग हुज्जत घातली, मग हजार रुपये कमी केले आणि वर एक पाठीवरची बॅग दिली. बाईंनी पैसे दिले, आठ दिवसांपूर्वीची आपली पोच परत घेतली आणि ती फाडली. घरावरचे पत्रे राहिले ते राहिले. पुढच्या पावसाळ्यात चुलीशेजारी परत पातेली लागली. एक जास्त, असं त्या सहज बोलताना म्हणाल्या.

लॅपटॉप किमतीच्या लायकीचा होता का? होता. सहा महिन्यांत बाकड्यावर पुन्हा माणसं दिसायला लागली. डावीकडं टाइपरायटर, उजवीकडं लॅपटॉप. मला अजून लोक विचारतात, हलका, स्वस्तातला घ्यावा का? मी शेठजींचा पत्ता देतो आणि खिडकी लावून घेतो.

पण सगळी माणसं परत आली नाहीत. ठेवीचे अर्ज पूर्वीसारखे आले नाहीत. जी चार माणसं यायची ती आधी विचारायची, "कोन्त्या मशीनवर?"

आणि ती बहीण. तिची भाऊबीज त्या वर्षी झाली नाही. पुढच्या आठवड्यात ती आली आणि अर्ज दिला. बाई तिच्याबरोबर खिडकीपर्यंत आल्या. बोट दोनदा वाजलं. "पोच द्या, भाऊसाहेब." मी शिक्का मारला. त्या बहिणीनं कागद घेतला, मान वर केली नाही. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मीच तिच्याकडं बघू शकलो नाही. तिचं प्रकरण अजून चालू आहे.

त्यानंतर चार वर्षं बाई शेडमध्ये होत्या. चहा येत होता, कप उलटा होत होता. सांगायचं सांगायचं म्हणून मी रोज ठरवलं. रोज काहीतरी महत्त्वाचं काम निघालं.

मग त्यांची बोटं आखडायला लागली. लेक वाटूरला दिली होती, तिनं हट्टच धरला. बाईंनी शेड सोडायचं ठरवलं आणि एक महिना आधीपासून गाठोडं सोडायला घेतलं. बाजाराच्या दिवशी ओळखीच्या माणसाला हाक मारायची, "तुमचा एक कागद हाय माझ्याकडं." एक म्हातारा आला, आपला वीस वर्षांपूर्वीचा अर्ज वाचून हसत सुटला आणि ज्याच्याविरुद्ध होता त्यालाच दाखवायला घेऊन गेला. एक नवरा-बायको मिळून आले आणि त्यांनी काडीमोडाचा अर्ज नेला. काही माणसं वारली होती. त्यांचे कागद बाईंनी शेडच्या मागं जाळले, एकेक करून, दुसऱ्या कुणाला हात लावू न देता.

शेवटच्या दिवशी त्या खिडकीवर आल्या. जालन्याच्या बसला अर्धा तास होता. पाठीला शेठजींनी दिलेली ती बॅग, टाइपरायटर पोत्यात बांधून जावयाच्या हातात. त्यांनी एक पाकीट आत सरकवलं. बोट वाजलं नाही.

"तुमची ठेव, भाऊसाहेब."

"पोच?" मी विचारलं.

"वाचून द्या. जल्दी न्हाई." आणि मग, "जयभीम. येते."

"जयभीम बाई," मी म्हटलं. पुढचं वाक्य याही वेळी जमलं नाही. बस गेली.

पाकिटात काय असणार ते मला माहीत होतं. साहेबांविरुद्धच्या अकरा ओळी. त्या होत्या. पण त्यांच्या खाली आणखी एक अर्ज होता, स्थळप्रतीसह. तारीख चार वर्षांपूर्वीची. मी ज्या सकाळी क्लाऊडमधला प्रॉब्लेम सांगितला, तीच. पत्ता आमच्या साहेबांचा. टाइपरायटरवरचा. 'सदर' या शब्दातला 'र' वर उडालेला.

विषय: आवक-जावक कारकून यांच्या निष्काळजीपणाबाबत.

"महोदय, सदर कारकून यांनी माझ्या मशीनवर स्वतःचे खाते टाकले. त्यामुळे एका बाईचा ठेवलेला अर्ज त्यांच्या घरी गेला व तिची भाऊबीज बुडाली. विचारले असता त्यांनी मशीनचा दोष सांगितला. मशीनचा दोष नाही. सदर इसम स्वभावाने वाईट नाहीत, सल्ला विचारला की त्यांना राहवत नाही. तरी त्यांना कामावरून काढू नये. फक्त समज देण्यात यावी, ही विनंती."

एकही टायपिंगची चूक नव्हती. खाली 'अर्जदाराची सही' आणि पुढं कोरी जागा.

हा अर्ज त्या दिवशी खिडकीतून आत आला असता तर माझ्या नोकरीचं काय झालं असतं, हे आमच्या साहेबांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. तो चार वर्षं माझ्यापासून दहा पावलांवर, टेबलाखाली पडून होता. बाईंच्या आठ दिवसांची मुदत कितीदा संपली असेल.

बिनसहीचा अर्ज घ्यायचा नाही असा नियम आहे. त्या नियमावर मी अठरा वर्षांत शेकड्यानं माणसं परत पाठवली. हा घेतला. स्थळप्रतीवर गोल शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. खाली माझ्या हातानं लिहिलं, 'वरील मजकूर खरा आहे.' ती स्थळप्रत पाकिटात घातली, वर वाटूरचा पत्ता घातला आणि पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, पोचपावतीसह.

दहाव्या दिवशी पोचपावतीचं कार्ड परत आलं. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी बाईंचं नाव होतं. आखडलेल्या बोटांनी, एकेक अक्षर वेगळं, पण पूर्ण.

ते कार्ड मी मूळ अर्जाला, जिथं सहीची जागा कोरी होती तिथं, टाचणीनं लावून ठेवलं आहे.